नाण्यांची फेरप्रतवारी आणि पुराव्याचा प्रश्न

१. तऱ्हाळ्याचा निधी

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी १९३९ साली सातवाहन राजांच्या नाण्यांचा एक मोठा निधी सापडला. त्या वेळी हा प्रदेश अकोला जिल्ह्यात मोडत असे. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १९९८ साली झाला. निधीत दीड हजारांहून अधिक नाणी होती. ती पोटीनची, म्हणजे तांब्यात कथील व शिसे मिसळून केलेल्या मिश्रधातूची, असून त्यांच्या एका बाजूस हत्ती व दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन करून १९४० साली ते प्रसिद्ध केले आणि सातवाहनांच्या उत्तरकालीन इतिहासात नवी भर घातली. पुराणांतील आंध्र राजांच्या याद्यांत न आढळणारी कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही नावे या निधीमुळे अभ्यासकांपुढे आली.

या जातीच्या नाण्यांचे वाचन कसे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ठशाचा आकार धातूच्या चकतीहून मोठा असल्यामुळे राजाचे संपूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच उमटते. एकावर नावाचा आरंभ, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर अखेरची दोन अक्षरे, असे तुकडे जुळवून लेख सिद्ध करावा लागतो. म्हणून अशा नाण्याचे मोल त्याच्या देखणेपणात नसते. ते कोठे, कोणत्या नाण्यांच्या संगतीत सापडले आणि त्याविषयी आजवर कोणी काय म्हटले, यात ते असते.

आजच्या नाणेबाजारात याच्या अगदी उलट मोजमाप रूढ झाले आहे. नाण्याची स्थिती एका अंकाने सांगावयाची, तो अंक छापून नाणे प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करावयाचे आणि त्या अंकावर किंमत ठरवावयाची, अशी ही रीत आहे. या रीतीतून एक उपरीत निघाली. मिळालेला अंक मनासारखा नसेल, तर पेटी फोडून नाणे बाहेर काढावयाचे व जणू ते पूर्वी कोणी पाहिलेच नाही, अशा रूपात पुन्हा परीक्षेस धाडावयाचे. या फेरप्रतवारीचे स्वरूप काय, ती का फलदायी ठरते आणि पुरावा म्हणून नाण्याचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाचे तीमुळे काय नुकसान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. प्रतवारी म्हणजे काय

प्रतवारी हा शब्द वऱ्हाडात कापसामुळे घरोघरी परिचित आहे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासून तर खरेदी केंद्रावरील ग्रेडरचा शब्द हा शेतकऱ्याच्या वर्षाच्या मिळकतीचा शब्द झाला. धाग्याची लांबी, रंग, ओलावा व कचरा पाहून तो प्रत ठरवीत असे. दोन प्रतींच्या सीमेवरचा कापूस एकाच्या नजरेस वरच्या प्रतीचा व दुसऱ्याच्या नजरेस खालच्या प्रतीचा वाटणे अशक्य नव्हते. कापूस तोच असे. निर्णय मात्र डोळ्यांचा असे.

नाण्यांच्या बाबतीत अंकांनी प्रत सांगण्याची पद्धत अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली. तेथील जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी त्यांनी १ ते ७० असे प्रमाण कल्पिले. केवळ ओळख पटण्याइतके शिल्लक राहिलेले नाणे १ आणि सर्वथा निर्दोष नाणे ७०. यामागची कल्पना अशी होती की, ७० प्रतीच्या नाण्याची किंमत १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. म्हणजे हा अंक जन्मतःच किमतीशी जोडलेला होता. पुढे किमतींचे ते प्रमाण टिकले नाही. अंक मात्र टिकला. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने त्याचा सर्व प्रकारच्या नाण्यांसाठी स्वीकार केला.

या प्रमाणात ६० ते ७० हे अंक व्यवहारात न वापरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. तेथे झिजेचा प्रश्न नसतो. पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे, ठसा किती स्पष्ट उमटला आहे, टाकसाळीतून निघतानाची मूळ झळाळी किती शिल्लक आहे आणि एकंदरीत नाणे डोळ्यांना कसे दिसते, या चार गोष्टींचा तोल साधून अंक द्यावा लागतो. यांपैकी पहिली कदाचित मोजता येईल. शेवटची कधीही मोजता येणार नाही. म्हणून ६४ व ६५ यांमधील रेषा ही नाण्यावर कोरलेली नसते. ती परीक्षकाच्या मनात असते आणि सकाळी व सायंकाळी ती एकाच जागी राहील, याची हमी परीक्षक स्वतःही देऊ शकत नाही.

३. स्लॅब आणि तो फोडणे

पीसीजीएस ही संस्था १९८६ साली आणि एनजीसी ही १९८७ साली अमेरिकेत कामास लागली. तेव्हापासून प्रतवारी हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. विकणारा व घेणारा या दोघांशी संबंध नसलेला तिसरा पक्ष नाणे पाहतो. एकाहून अधिक परीक्षक स्वतंत्रपणे मत देतात, त्यांतून एक अंक निश्चित होतो, आणि नाणे कडक प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्यांमध्ये ठेवून त्या कडा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी एकजीव केल्या जातात. आत एक चिठ्ठी असते. तिच्यावर नाण्याचे नाव, वर्ष, प्रत व क्रमांक छापलेला असतो. या बंद पेटीला संग्राहक स्लॅब म्हणतात.

स्लॅबचे दोन लाभ निर्विवाद आहेत. खोट्या नाण्यांना त्याने मोठ्या प्रमाणावर आळा घातला, आणि नाणे न हाताळता विकत घेणे शक्य केले. परंतु त्याबरोबर असाही समज दृढ झाला की, चिठ्ठीवरचा अंक हा वजनासारखा किंवा व्यासासारखा नाण्याचा गुणधर्म आहे. वस्तुतः तो एका दिवशी काही व्यक्तींनी दिलेला अभिप्राय असतो.

हे ज्याने ओळखले, त्याला पुढची पायरी आपोआप सुचते. अभिप्राय बदलू शकत असेल, तर तो पुन्हा मागावा. पक्कडीने वा हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी स्लॅबची कड फोडून नाणे काढले जाते. या कामात धोका असतो. प्लॅस्टिकची कपची लागून केसाएवढी रेघ उमटली, नाणे हातून निसटले किंवा बोटाचा ठसा राहिला, तर प्रत वाढण्याऐवजी उतरते. काही जण याच टप्प्यावर आणखी पुढे जातात आणि चांदीचा काळसरपणा घालविण्यासाठी नाणे थायोयुरियाच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवितात. अशाने काळसर थराबरोबर धातूचा अतिसूक्ष्म थरही जातो. वारंवार बुडविलेल्या नाण्याची मूळ झळाळी मरते व ती पुन्हा येत नाही. परीक्षकास अशी सफाई ओळखू आली, तर तो अंक न देता केवळ दोषाची नोंद करतो. नाण्यास काहीही न करता ते पुन्हा पाठविणे आणि नाणे बदलून पाठविणे, या दोन गोष्टी नीतीच्या दृष्टीने भिन्न आहेत. पुढील विवेचन पहिल्या, म्हणजे निर्दोष भासणाऱ्या, प्रकाराविषयीच आहे.

४. संधीचे गणित

फेरप्रतवारी का परवडते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. सहाव्या जॉर्जचा चांदीचा एक रुपया ६४ प्रतीत वीस हजार रुपयांस व ६५ प्रतीत साठ हजार रुपयांस विकला जातो, असे समजू. एका खेपेस शुल्क, टपाल व विमा मिळून चार हजार रुपये खर्च येतो. नाणे ६४ प्रतीच्या वरच्या टोकाला असून प्रत्येक खेपेस ६५ मिळण्याची शक्यता पाचात एक आहे. मग एका खेपेची अपेक्षित प्राप्ती चाळीस हजारांचा पाचवा भाग, म्हणजे आठ हजार. खर्च वजा जाता चार हजार उरतात. लागोपाठ पाच खेपा केल्यास निदान एकदा तरी ६५ मिळण्याची शक्यता शेकडा ६७ होते. प्रत उतरण्याचा धोका हिशेबात धरला, तरी लाभ पुष्कळ वेळा शिल्लक राहतो. कारण खालच्या प्रतीचा निर्णय मालक मान्य करीत नाही, तो स्लॅबही फोडला जातो. नाणे त्याच निर्णयावर थांबते, जो मालकास हवा असतो.

आता एका नाण्याऐवजी समूहाचा विचार करावा. एका जातीची १०० नाणी खरोखर ६५ प्रतीची आहेत व ती प्रथमच त्या प्रतीत जातात. आणखी ३०० नाणी वर सांगितल्याप्रमाणे ६४ च्या वरच्या टोकाची आहेत. पहिल्या खेपेस या ३०० पैकी ६० नाण्यांस ६५ मिळेल. बाजारात ६५ प्रतीची १६० नाणी दिसतील व त्यांतील शेकडा ६२ त्या प्रतीस खरोखर पात्र असतील. उरलेली नाणी पाच खेपांपर्यंत पुनःपुन्हा पाठविली, तर ३०० पैकी सुमारे २०२ नाणी ६५ मध्ये पोहोचतील. आता त्या प्रतीत ३०२ नाणी झाली आणि त्यांत खरी पात्र केवळ शेकडा ३३ राहिली.

या उदाहरणात परीक्षक कोठेही सैल झालेले नाहीत. त्यांचे निकष, त्यांची प्रामाणिकता, त्यांच्या चुकीचे प्रमाण, सर्व पहिल्या दिवशी होते तेच पाचव्या खेपेस आहे. तरीही ६५ या अंकाची विश्वसनीयता जवळजवळ निम्म्यावर आली. प्रती कालांतराने फुगत जातात, ही संग्राहकांची जुनी तक्रार आहे, आणि तिचा दोष सामान्यतः परीक्षकांच्या ढिलाईस दिला जातो. तशी ढिलाई मुळीच नसली, तरी केवळ निवडक थांबण्यामुळे फुगवटा येऊ शकतो, हे या हिशेबावरून दिसून येते. चूक दोन्ही दिशांनी सारखीच होत असते. परंतु खालच्या दिशेची चूक फोडून टाकली जाते आणि वरच्या दिशेची जतन होते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यास हे ओळखीचे वाटेल. हवा तो निष्कर्ष येईपर्यंत प्रयोग करीत राहावे, आला की थांबावे आणि आधीच्या प्रयोगांविषयी मौन पाळावे, असे कोणी केले, तर त्याच्या एकेका प्रयोगात खोट काढता येणार नाही. खोट असते ती मौनात.

५. नाण्यांची नोंद आणि दुर्मिळतेचा भास

प्रतवारी करणाऱ्या संस्था प्रत्येक नाण्याची प्रतवार गणना प्रसिद्ध करतात. अमुक वर्षाचे, अमुक टाकसाळीचे नाणे कोणत्या प्रतीत किती आले, हे त्या तक्त्यांवरून कळते. दुर्मिळतेचा पुरावा म्हणून विक्रेते व लेखक या तक्त्यांचा सर्रास उपयोग करतात. फेरप्रतवारीने हा पुरावा कसा बिघडतो, तेही वरच्याच उदाहरणावरून पाहता येईल.

स्लॅब फोडल्यावर आतली चिठ्ठी संस्थेकडे परत करावी व जुनी नोंद रद्द होऊ द्यावी, अशी अपेक्षा असते. परंतु ते मालकाच्या इच्छेवर अवलंबून आहे. एकही चिठ्ठी परत आली नाही, असे धरल्यास त्या ३०० नाण्यांच्या पाच खेपांत मिळून सुमारे १,००९ नोंदी होतील. त्यांपैकी सुमारे ८०७ नोंदी ६४ प्रतीच्या असतील; प्रत्यक्षात त्या प्रतीच्या स्लॅबमध्ये सुमारे ९८ नाणी उरलेली असतील. तक्ता पाहणारा म्हणेल की, हे नाणे ६४ मध्ये विपुल आणि ६५ मध्ये तुलनेने विरळ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट झालेली असेल. ६५ प्रतीसाठी द्यावयाच्या जादा किमतीचे समर्थन या विरळतेने केले जाते, आणि ती विरळता त्या किमतीच्या लोभानेच निर्माण केलेली असते.

दुसरे नुकसान संख्येत दिसत नाही. चिठ्ठीवर कधीकधी नाणे पूर्वी कोणत्या संग्रहात होते, याची नोंद असते. स्लॅब फोडताना ती वंशावळ तुटते. नाणे उरते, त्याचा प्रवास पुसला जातो. असा प्रवास नोंदलेला असला म्हणजे काय साधते, याचे उदाहरण स्वतः शेल्डन यांच्याच चरित्रात आहे. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट नाणी त्यांनी काढून घेतली व त्यांच्या जागी हलक्या प्रतीची ठेवली, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. ते सिद्ध होऊ शकले, याचे कारण त्या नाण्यांची जुनी छायाचित्रे सुरक्षित होती. १९९० नंतरच्या दशकात न्यायालयीन निर्णयाने नाणी सोसायटीकडे परत येऊ लागली. ज्यांनी प्रतीचा अंक दिला, त्यांच्या कृत्याचा उलगडा मात्र अंकाने झाला नाही. तो पूर्वीच्या नोंदींनी झाला.

६. फेरपरीक्षेची जुनी उदाहरणे

नाणे पुन्हा परीक्षेस नेऊन त्याचे मोल वाढविण्याचा प्रयत्न नवा नाही. आपल्याकडे त्याचा इतिहास दीर्घ आहे, आणि तो तीन निरनिराळ्या प्रकारांनी घडलेला आहे.

पहिला प्रकार बट्ट्याचा. मोगल अमदानीत व त्यानंतरही रुपयावर राज्यवर्ष घातलेले असे, आणि चालू वर्षाचा रुपया पूर्ण मोलाने चाले. वर्ष उलटले की, चांदी तेवढीच असूनही त्यावर बट्टा लागे. बंगाल्यात तो दुसऱ्या वर्षी शेकडा सुमारे तीन व पुढे पाच असे. साहजिकच जुना रुपया टाकसाळीत नेऊन, घडणावळ देऊन, नव्या वर्षाचा ठसा मारून घेण्यात फायदा असे. चांदी तीच, अंक नवा. या उपद्व्यापावर तोडगा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस शाह आलमच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा आकडाच रुपयावर कायम करून टाकला. आकड्याने मोल बदलेनासे झाले, तेव्हा आकड्यासाठी नाणे फिरविण्याचे कारणही उरले नाही. तथापि तोपर्यंत वितळून गेलेल्या नाण्यांबरोबर त्यांचा इतिहासही वितळला.

दुसरा प्रकार सराफांच्या खुणांचा. मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच वेळी चालत आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा असे. पोतदार व सराफ नाणे वाजवून, घासून, तोलून पाहत. अनेक जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा आजही दिसतात. संग्राहकाच्या दृष्टीने हे दोष होत व त्यांनी प्रत उतरते. अभ्यासकाच्या दृष्टीने त्या साक्षी होत. एकाने पारख केली म्हणून दुसऱ्याने करू नये, असे नव्हते. पण दुसऱ्याची खूण पहिलीच्या शेजारी पडे, तिच्या जागी नव्हे.

तिसरा प्रकार सर्वांत बोलका आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा निधी सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटविलेली आहेत. त्याने ही नाणी वितळविली नाहीत. नहपानाच्या मुखवट्यावर व लेखावर नवा ठसा पडला, तरी खालचे रूप अनेक नाण्यांवर ओळखता येण्याइतके राहिले. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात म्हटले आहे. या नाण्यांनी त्यास धातूची साक्ष दिली. जुन्या निर्णयावर नवा निर्णय झाला, आणि दोन्ही एकाच चकतीवर राहिले. इतिहासकारास जे हवे असते, ते हेच.

या तीन प्रकारांशी आजचा व्यवहार ताडून पाहिला, तर स्लॅब फोडून केलेली फेरप्रतवारी पहिल्या प्रकारात मोडते. तीत धातू वितळत नाही. परंतु पूर्वीचा निर्णय, त्याची तारीख व त्याचा क्रमांक हे सर्व नाहीसे होते.

७. उपाययोजना

याचा अर्थ फेरप्रतवारीच वर्ज्य मानावी, असा नव्हे. परीक्षक चुकतो, आणि चूक सुधारण्याचा मार्ग मोकळा असलाच पाहिजे. उत्तरपत्रिकेचे पुनर्मूल्यांकन कोणी अन्याय्य मानीत नाही. परंतु तेथे मूळ गुण दप्तरातून फाडून टाकले जात नाहीत. प्रश्न पुनर्विचाराचा नसून विस्मरणाचा आहे.

या दिशेने काही उपाय झालेले आहेत. नाणे स्लॅबमध्ये असतानाच त्याचा पुनर्विचार करावा व प्रत वाढणार असेल तरच स्लॅब उघडावा, अशी सोय संस्थांनी ठेवली आहे. यात पूर्वीचा निर्णय परीक्षकासमोर राहतो. २००७ साली सीएसी या संस्थेने स्लॅब न फोडताच नाणे पाहून, ते त्या प्रतीस पुरेपूर पात्र वाटल्यास स्लॅबवर हिरवी चिकटपट्टी लावण्याची पद्धत सुरू केली. सराफाच्या खुणेचे हेच आधुनिक रूप होय. २०१० साली पीसीजीएसने नाण्याच्या पृष्ठभागाचे सूक्ष्म चित्र नोंदवून तेच नाणे पुन्हा आल्यास ओळखण्याची योजना आखली. नाणे म्हणजे जणू बोटाचा ठसा, असे मानण्याची ही पद्धत सार्वत्रिक झाली, तर निनावी होऊन परत येणे कठीण होईल. तोपर्यंत प्रतवार तक्त्यातील आकडा हा नाण्यांचा नसून नोंदींचा आकडा आहे, असेच धरून चालले पाहिजे.

८. विदर्भातील अभ्यासकापुढील प्रश्न

भारतीय नाण्यांच्या बाबतीत या प्रश्नास कायद्याची एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमान्वये शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते, आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठविता येत नाही. ही सीमा दरवर्षी एक वर्षाने पुढे सरकते. १९११ सालचा पाचव्या जॉर्जचा रुपया २०११ पासून तिच्या आत आला आहे. जमिनीत सापडलेल्या निधीस १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. सातवाहनांचे नाणे परदेशी स्लॅबमध्ये दिसले, तर त्याच्या प्रतीपेक्षा ते तेथे कोणत्या मार्गाने व कोणत्या वर्षी पोहोचले, हा प्रश्न अगोदर विचारला पाहिजे. आणि स्लॅब जितक्या वेळा फुटला असेल, तितके त्याचे उत्तर दूर गेलेले असेल.

प्राचीन नाण्यांसाठी एनजीसीने ठसा व पृष्ठभाग यांस पाचपैकी स्वतंत्र गुण देण्याची रीत ठेवली आहे. ती अधिक विचारपूर्वक असली, तरी तऱ्हाळ्याच्या निधीतील नाण्यास तिचा फारसा उपयोग नाही. ज्या नाण्यावर अर्धेच अक्षर उमटले आहे, त्यास ठशाचे गुण अल्पच मिळणार. परंतु ते अर्धे अक्षर ज्या राजाचे नाव पुरे करते, त्याचे मोल गुणांत मांडता येत नाही. शिवाय असे नाणे निधीपासून सुटले, तऱ्हाळा हे नाव त्याच्यापासून गळले, म्हणजे ते वऱ्हाडातील कोणत्याही पोटीन नाण्यासारखे एक होऊन बसते. कुंभ, कर्ण व शक या राजांच्या अस्तित्वाविषयीचा आपला आधार किती नाण्यांवर व कोणत्या संगतीवर उभा आहे, हे तपासण्याची सोय त्यानंतर राहत नाही.

मिराशींचे वाचन अंतिम आहे, असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या मतांची पुढे चर्चा झाली आणि ती होत राहणे इष्टच आहे. ही चर्चा शक्य होते, कारण कोणते अक्षर कशावरून वाचले, हे त्यांनी छापून ठेवले आहे. नवा वाचक त्यांचे मत खोडू शकतो, पण त्याला ते लपविता येत नाही. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्याने नाण्याचे वर्णन करताना वजन, व्यास, धातू, लेख व चिन्हे यांबरोबर सापडण्याचे ठिकाण, संगतीतील नाणी, पूर्वीचे धनी आणि पूर्वीची मते यांची नोंद करावी. प्रतीचा अंक द्यावयाचाच असेल, तर तो कोणी व कोणत्या वर्षी दिला, हे अंकाबरोबर लिहावे. अंक बदलला, तर जुना अंक खोडू नये. त्याच्या शेजारी नवा लिहावा. जोगळटेंभीच्या नाण्यांवर खालचा मुखवटा पुसला गेला असता, तर वरच्या ठशाचा अर्थ आज कोणासही लागला नसता.